बाजूच्या भिंतीवरचा पॉइंट

"थोडा खाली घ्या, विश्वंभरभाऊ."

"आजून खाली घेतला तर जोत्यावर टेकंल, म्याडम. मंग कुत्र्या-मांजरायला अभ्यास कराया बरा."

शिडीवर चढलेल्या विश्वंभर इलेक्ट्रिशियननं एका हातानं दिवा भिंतीला टेकवून धरला होता आणि दुसऱ्या हातानं शिडी. फरहीन रस्त्याच्या पलीकडं टायरवाल्याच्या दुकानासमोर उभी राहून बघत होती. मधून ट्रक गेला की घर पुसलं जाई आणि पुन्हा दिसे, आणि दर वेळी तिला वाटे, मघाशी दिवा बरा वाटला होता, आता तसा वाटत नाही. वारंगा फाट्यावर नांदेडकडून येणाऱ्या गाड्या वळणावर वेग कमी करत नाहीत, हॉर्न वाढवतात. त्यांतून वाट काढत ती अलीकडं आली, दिव्याखाली उभी राहिली, मान वर करून पाहिलं, पुन्हा पलीकडं गेली. टायरवाल्यानं तिच्यासाठी कधीच एक स्टूल बाहेर काढून ठेवलं होतं. ती त्यावर एकदाही बसली नव्हती.

"नाही जमत," ती तिथूनच ओरडली. "काढा."

"काढतो. माह्या लग्नाला पोरी पाहतानाबी एवढे फेरे झाले नव्हते."

घर तसं साधंच होतं. खाली रस्त्याकडं तोंड करून वेल्डिंगचं दुकान, त्यामागं दोन खोल्या, वर आणखी मजला. दुकानापुढून नाली जात होती आणि नालीवर जाड, खवल्याखवल्यांचे लोखंडी पत्रे टाकलेले होते. गिऱ्हाईक त्यावरून खडखडत आत येई. फरहीनचे वडील गुलाम नबी यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या घरांना फाटकं, ग्रिलं आणि शटरं बसवली. स्वतःच्या घराची समोरची भिंत मात्र यंदा संक्रांतीनंतर कुठं त्यांनी नव्यानं गिलावा करून सरळ केली. बाहेरच्या दिव्यांसाठी भिंतीत नळ्या टाकून वायरी काढून ठेवल्या. मग फरहीनला हिंगोलीला फोन केला.

"लाइटी तू पसंत कर. हाशिमला विचारलं तर तो घराची वरात करील."

त्या आठवड्यातच दुकानात ग्राइंडर हातातून ठेवता ठेवता ते खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

आता कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि भिंतीतून वायरी लोंबत होत्या. फरहीननं या सुट्टीत दिवे आणले होते, परत केले होते, पुन्हा आणले होते. एक कंदिलासारखा होता, तो दाराशी बरा दिसेना. एक पांढरा होता, त्यानं घर दवाखान्यासारखं दिसायला लागलं. रात्री आडवी पडली की ती मोबाइलवर दिव्यांबद्दल वाचत राही. वाचायची सवय असलेल्या माणसाला वाटतं, प्रत्येक गोष्टीवर कुठंतरी कोणीतरी नीट लिहून ठेवलेलं असणार. वाचून एवढंच कळलं की भिंतीला आधी पाहावं आणि मग दिव्याला. भिंत ती रोज पाहत होती. पाहून पाहून तिला ती दिसेनाशी झाली होती.

"आपा, माझं ऐक," तिचा धाकटा भाऊ हाशिम रोज म्हणे. हात काळे, कपाळावर चढवलेला वेल्डिंगचा चष्मा. "रंग बदलणारी पट्टी लावू सगळ्या कडेनं. लाल, निळी, हिरवी. दुरून ड्रायव्हर म्हणंल, ते पाहा हाशिमभाईचं दुकान."

"दुरून ड्रायव्हर म्हणेल, धाबा आहे, जेवायला थांबू."

"थांबू दे की. शबनमला स्वयंपाक येतो."

"शबनमला ऐकूबी येतं," वरून त्याच्या बायकोचा आवाज आला.

फरहीन हसली नाही. तिचं लक्ष बाजूच्या भिंतीकडं गेलं होतं. घराच्या त्या अंगाला बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा होती. तिथं भंगार आणि जुने पाइप पडलेले असत. त्या भिंतीला ना दार होतं, ना गेट. वरच्या मजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीची एक खिडकी आणि खाली आतल्या खोलीची हवेची जाळी तेवढी होती. आणि खिडकीच्या अंगाला, उंचावर, भिंतीतून एक नळी डोकावत होती. काळ्या टेपनं गुंडाळलेलं वायरीचं तोंड. बाहेरच्या दिव्याचा पॉइंट, जिथं उजेडाचं कोणालाच काही काम नव्हतं.

*

अम्मी, शहनाजबी, इद्दतीत होती; नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच राहायचे ते दिवस. अब्बा गेले तेव्हापासून तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पांढरी ओढणी, रिकामे हात, आतल्या खोलीतल्या तख्तावर तसबीह घेऊन बसलेली. भेटायला बाया येत, रडत, चहा घेत, आणि जाताना फरहीनकडं पाहून विचारत, "तू हायेस का आता?" अम्मीचे दिवस भरले की फरहीन हिंगोलीच्या भाड्याच्या खोलीवर परत जाणार, हे कोणी ठरवलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

"अम्मी, हे बघ." फरहीननं मोबाइल पुढं केला. "समोरून असं दिसतं. हा पिवळा, हा पांढरा."

अम्मीनं तोंड फिरवलं. "फोटोत न्हाई पाहायचं मला माझं घर. बाहेर येईन तवा डोळ्यानं पाहीन."

"मग बाजूच्या भिंतीवरचा पॉइंट तेवढा सांग. अब्बांनी तिथं कशाला काढला होता?"

तसबीहचा मणी बोटात थांबला.

"बुजवून टाका."

"पण कशाला..."

"बुजव म्हणलं ना. माणसाच्या हातून एखादी वायर जास्तीची निघती."

अम्मी एरवी कुठलीही गोष्ट सांगायला लागली की तिच्या मावसबहिणीच्या लग्नापासून सुरुवात करी. एवढं तुटक उत्तर फरहीननं तिच्याकडून क्वचितच ऐकलं होतं. शबनम पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आपा, सुट्टी कवर हाय तुमची?" तिनं विचारलं आणि लगेच पुढं म्हणाली, "दुधवाल्याला सांगायचं होतं म्हणून."

शबनमच्या विचारण्यात काहीच वाईट नव्हतं. तरी फरहीन उठून दारात गेली, तिथून ओट्यावर, तिथून नालीवरचे पत्रे वाजवत पुन्हा रस्त्यावर.

वसमतचं सासर सोडून, खुला घेऊन, म्हणजे स्वतःच काडीमोड मागून घेऊन, तिला आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ती हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवत होती. शनिवारी बसनं फाट्यावर यायचं, अम्मीच्या खोलीत खाली अंथरूण टाकायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचं. चप्पल कुठं ठेवायची इथपासून पुस्तकं कुठं ठेवायची इथपर्यंत प्रत्येक गोष्ट ती या घरात विचारून करायची. तिला कोणी विचारायला लावलं नव्हतं. अब्बा होते तोवर ते चाललं.

आणि एक गोष्ट होती, ती तिनं कोणालाच सांगितली नव्हती. वसमतला असताना एका दुपारी तिनं अब्बांना फोन लावला होता. बोलायचं खूप होतं, बोलता काहीच आलं नाही. पलीकडं कटरचा आवाज चालू होता, तो बंद झाला. नुसत्या श्वासावरून त्यांनी ओळखलं.

"ये तू," ते म्हणाले. "मी जागा करून राहिलो."

ती वाट पाहत राहिली. आठवडे गेले. ते वाक्य पुन्हा आलं नाही. ईदला ती माहेरी आली तेव्हा अब्बा तिच्याकडं पाहायचं टाळत होते, आणि अम्मी तिच्या पिशवीत शेवया भरत म्हणाली, "जा, नीट ऱ्हा." ती गेली. त्यानंतर वसमतचे जे दिवस तिनं काढले ते तिच्या बोलण्यात कधी येत नसत. बापानं जागा करतो म्हटलं होतं, मग केली का नाही? की ते बोलायचं म्हणून बोलले होते? हे तिनं त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला अजून खूप वेळ आहे, असं समजून चालली होती.

दिवे तिच्यावर सोपवले, म्हणजे या घरात आपलं काहीतरी लागावं असं त्यांना वाटत असेल का? रस्ता ओलांडताना तिच्या पायांत हे सगळं होतं. विश्वंभरला वाटत होतं, म्याडमला दिव्यातलं फार कळतं.

*

हिंगोलीच्या दुकानात अदनाननं सगळे दिवे एकदम लावून ठेवले होते. पूर्ण भिंतभर. त्यात एकही धड दिसत नव्हता.

"आले का म्याडम!" अदनान एकेकाळी तिचाच विद्यार्थी होता, आणि मराठीत जेमतेम पास झाला होता याचा त्याला अभिमान होता. "काय परत आणलं या वेळी?"

"पांढरे. आणि ते कंदिलासारखे."

"तुमी पेपर तपासायच्या तसे लाइट तपासून राहिल्या. कोणालाच पास करीनात." त्यानं खोक्यातून एक लहान चौकोनी दिवा काढला आणि भिंतीला चिकटवून धरला. वर आणि खाली, दोन्हीकडं उजेडाची धारदार पट्टी भिंतीवर उघडली. "हा पाहा. डोळ्यात येत न्हाई, नुसता भिंतीवर चालतो. आता सगळे हेच घेतात. पावसाचाबी काही टेन्शन न्हाई."

खरंच तो डोळ्यात येत नव्हता. अब्बांना उघडा बल्ब चालत नसे. दिवसभर वेल्डिंगच्या उजेडात राहून रात्री त्यांच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होई. अम्मी कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून त्यांना निजवी. घरातला प्रत्येक बल्ब त्यांनी भिंतीकडं तोंड करून बसवला होता. फरहीनला वाटलं, मिळाला.

"फक्त गिलावा बराबर पाहिजे," अदनान म्हणाला. "हा लाइट भिंतीला घासून जातो. भिंतीत काही असलं तर लपवत न्हाई."

"गिलावा नवा आहे."

"मंग पॅक करतो. आणि म्याडम, या वेळी परत आणले तर मी सुट्टी घेऊन वारंग्याला येतो आन् तिथंच उभा राहतो."

*

मगरिबची अजान होऊन गेली होती. आभाळात थोडा उजेड शिल्लक होता. विश्वंभरनं समोरचे दिवे जोडले आणि खाली उतरून बटण दाबलं.

वर-खाली उजेडाचे पंखे उघडले होते आणि त्या उजेडात भिंत लाटांनी भरली होती. गवंड्याच्या थापीचा प्रत्येक हात, प्रत्येक खळगा, जिथं परात ठेवून तो तंबाखू मळायला थांबला असेल ती जागासुद्धा दिसत होती. दिवसा तीच भिंत आरशासारखी सरळ होती.

"आपा," हाशिम म्हणाला, "ह्यो उजेड हाय का पंचनामा?"

"गवंड्यानं पाह्यलं तर गाव सोडंल," विश्वंभर म्हणाला.

"काढा," फरहीन म्हणाली. "समोर मऊ उजेडाचे लावू. झाकणाचे."

"व्हय, ते कंदिलाचेच मंग."

"काढायच्या आधी एक करा. यातला एक त्या बाजूच्या पॉइंटला लावून पाहू."

हाशिमनं चमकून पाहिलं. "तिथं काहून? उद्या पेंटर येऊन बुजवणार हाय तो."

"बुजवायच्या आधी वायर चालू आहे का ते तरी कळेल."

"चालू असून काय करायचंय?"

"तुला काय अडचण आहे?"

"मला काय, मला काहीच न्हाई." तो चिंधीनं हात पुसायला लागला.

विश्वंभरनं पाइप ओलांडत शिडी बाजूला नेली, टेप सोडला, दिवा जोडला. दिवा लागला नाही. "वायर मेलेली दिसती. नाहीतर बटण कुठं आत असंल."

तेवढ्यात वरच्या खिडकीतून शबनमनं डोकं काढलं. या कोपऱ्यातल्या खोलीत आता धान्याच्या कोठ्या आणि पेट्या ठेवलेल्या होत्या.

"इथं खिडकीजवळ एक बटण हाय," ती म्हणाली. "लग्न करून आले तवापासून पाहते. दाबलं तरी काहीच लागत न्हाई त्यानं. दाबू का?"

"दाब," फरहीन म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," हाशिम म्हणाला.

शबनमनं दाबलं.

दिवा लागला. उजेड भिंतीला घासत खाली उतरला. ही भिंत जुन्या गिलाव्याची होती, वरून फक्त रंग मारलेली. त्यात आधी काही नव्हतं, मग एक डाग दिसला. मग त्याच्या खाली, जरा पुढं, दुसरा. पंजाएवढे चौकोनी, किंचित फुगलेले डाग, सारख्या अंतरावर, वरून खाली तिरके उतरत आलेले, जमिनीजवळ संपणारे. वर ते खिडकीशी जात होते. आणि खिडकीखाली, मजल्याच्या पातळीपर्यंत, उभी चौकट उमटली होती. तिथं दार ठेवलेलं होतं; नंतर अर्धं विटांनी भरून वर खिडकी बसवली होती.

वेल्डरच्या लेकीला ते कोणी समजावून सांगावं लागलं नाही. भिंतीत लोखंडाचे तुकडे गाडतात, त्यावर पायऱ्या बसवतात. नको झालं की कटरनं कापून वरून सिमेंट लावतात.

"आयला," विश्वंभर शिडीवरूनच वाकून पाहत म्हणाला, "चाचानं तर जिना काढला होता इथं."

हाशिम अजून हात पुसत होता. हात कधीच पुसून झाले होते.

"तुला माहीत होतं," फरहीन म्हणाली.

"कटर मीच धरलं होतं."

"बसवताना की कापताना?"

"दोन्हीला."

विश्वंभर हळूच खाली उतरला आणि चहाला जाऊन येतो म्हणाला.

"तू वसमतला होतीस तवाची गोष्ट," हाशिम भिंतीकडं बघत म्हणाला. "एक फोन आला तुझा. अब्बांनी हातातलं सगळं काम बाजूला सारलं. कळमनुरीच्या शाळेचं गेट आडवं पडून होतं, ते लोक येऊन बोंबलायचे. अब्बा जिनाच करून राहिले. वरची ती खोली तुझी, बाहेरून जिना तुझा. म्हणायचे, तिला कोणाच्या चुलीपुढून जायची गरज न्हाई पडली पाहिजे. मग अम्मीनं..." तो थांबला. "ते अम्मीला विचार."

"आणि पायऱ्या? त्या कुठं गेल्या?"

हाशिमनं हनुवटीनं रस्त्याकडं दाखवलं. नालीवरचे पत्रे. खवल्याखवल्यांचे, पाय घसरू नये असे. सगळी सुट्टीभर ती त्यांच्यावरूनच पलीकडं जात होती आणि येत होती.

"उद्या पुट्टी मारून सपाट करतो मी," हाशिम म्हणाला. "हा घासणारा लाइट काढू. साधा मऊ लावला की काहीच दिसत न्हाई."

"हो," फरहीन म्हणाली. "मऊ लावला की नाही दिसणार."

*

बाजूचा उजेड जाळीतून अम्मीच्या खोलीतही आला होता. तख्ताच्या पायाशी त्याचा तुकडा पडला होता आणि अम्मी त्याकडं पाहत बसली होती. बाहेरचं सगळं तिनं ऐकलेलं होतं.

"लागला?" तिनं विचारलं.

"लागला."

फरहीन खाली अंथरुणाच्या वळकटीवर बसली.

"मी बंद करायला लावला," अम्मी म्हणाली. "मला वाटलं, जिना बसला तर तू नांदायचं नाव घेणार न्हाईस. लोक विचारतील, पोरगी कायमची आली का, तर भिंतच सांगंल, व्हय, आली. तुझे अब्बा म्हणायचे, शहनाज, लेकरू रडून राहिलं. मी म्हणलं, मीबी रडले होते, राहिले का न्हाई?" तिनं ओढणी सारखी केली. "लई दिवस बोलले न्हाईत माझ्यासंग. जेवण पुढ्यात ठेवलं की जेवायचे, उठायचे. सगळं कापलं त्यांनी. वायर न्हाई काढली. मी म्हणलं, हीबी काढा. म्हणले, ऱ्हाऊ दे, वायर काय खायला मागती का."

फरहीनच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. पहिली, की फोनवरचं ते वाक्य खरं होतं. कटरचा आवाज थांबवून त्यांनी ते म्हटलं होतं आणि पुन्हा कटर चालू केलं होतं ते तिच्यासाठी. दुसरी अम्मीबद्दल होती, आणि ती बोलून दाखवली असती तर परत घेता आली नसती. समोर रिकाम्या हातांची, पांढऱ्या ओढणीतली बाई बसली होती. फरहीननं ती गोष्ट गिळली.

"चहा ठेवू?" तिनं विचारलं.

"ठेव."

स्वयंपाकघरात तिनं गॅस लावला, चहा ठेवला आणि तशीच उभी राहिली. चहा उतू गेला तेव्हा शबनम धावत आली. तिनं काही न विचारता गॅस बंद केला, ओटा पुसला आणि दुसरं पाणी ठेवलं.

*

समोरचे दिवे मग झटक्यात ठरले. दुधी काचेच्या झाकणाचे, पिवळसर, साधे. फरहीननं ते पाहायला रस्ता ओलांडला नाही. विश्वंभरनं दोनदा विचारलं, "वर? खाली? बोला ना म्याडम," आणि ती म्हणाली, "असू द्या." त्यालाच करमेनासं झालं. बाजूचा दिवा मात्र तसाच राहिला. तिनं तो काढायला सांगितलं नाही, ठेवायलाही सांगितलं नाही. पेंटर पुट्टीची बादली घेऊन आला तर म्हणाली, आधी समोरचं करा. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आधी गेट करा. रात्री कूस बदलताना ती मनातल्या मनात भिंत सपाट करी आणि पुन्हा उघडी करी. हिंगोलीला जायची पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

अम्मीचे दिवस भरले त्या संध्याकाळी कळमनुरीहून मोठी मामी आली होती. तिनं अम्मीचा हात धरला. अम्मीनं उंबरा ओलांडला, गेटातून बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून, डोळे बारीक करत, आपल्या घराकडं पाहिलं. समोरचे दिवे लागलेले होते. भिंत सरळ आणि शांत दिसत होती.

"बरं हाय," ती म्हणाली. "मऊ हाय. त्यांच्या डोळ्याला चाललं असतं."

मग मामीसोबत परत फिरताना ती नालीवर आली आणि मधेच थांबली. खाली पाहिलं. चपलेनं पत्रा दाबून पाहिला.

"हाशिम."

"काय अम्मी?"

"हे पायऱ्याचे पत्रे हायत."

"व्हय."

"नालीवर काहून टाकले?"

"मंग कुठं टाकू? जाड हायत, पाय घसरत न्हाई." तो फरहीनकडं बघत नव्हता. "पडूनच होते. तू इद्दतीत बसल्यावर टाकले."

"उचल."

"अम्मी, गिऱ्हाईक नाली कशी ओलांडंल?"

"उडी मारंल."

मामी हसली आणि कोणीच हसत नाही हे पाहून थांबली. अम्मी तिचा हात सोडवून, भंगारातून वाट काढत, बाजूच्या भिंतीशी गेली. "शबनम," तिनं वर तोंड करून हाक मारली, "ते बटण दाब गं."

उजेड भिंतीला घासत खाली आला. अम्मीनं सगळ्यात खालच्या डागावर तळहात ठेवला. मग त्याच्या वरच्या. मग त्याच्या वरच्या, टाच उंच करून, जिथवर हात पुरला तिथवर. पेंटर बादलीजवळ उभा होता, त्याच्याकडं न पाहता ती म्हणाली, "या भिंतीला हात लावू नको." आणि हाशिमला, "पावसाच्या आत बसंल का?"

"पत्र्याला गंज चढलाय. घासावं लागंल."

"घास."

"वरचं दारबी फोडावं लागंल. कोठ्या कुठं ठेवायच्या?"

"माझ्या खोलीत ठेव. आता तिथं जागा व्हईल." अम्मी वळली. फरहीन गेटापाशी उभी होती. अम्मीनं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुझी पिशवी दारात हाय, लोकांच्या पायात येती. आत ठेव."

फरहीननं पिशवी आत ठेवली. मग बाहेर आली. हाशिमनं पहिला पत्रा उचलून भिंतीला टेकवला होता. जिथून तो उचलला तिथं नालीवर फट पडली होती. तिनं ती फट उडी मारून ओलांडली, गाड्यांतून वाट काढत पलीकडं गेली आणि टायरवाल्याच्या स्टुलावर बसली. तिथून बाजूची भिंत तिरकी दिसत होती. उजेड, त्यात एकेक डाग, वर चढत गेलेले. ट्रक गेला, घर पुसलं गेलं, पुन्हा दिसलं. तसंच होतं.

थोड्या वेळानं तिनं मोबाइल काढला.

"विश्वंभरभाऊ, तो बाजूचा दिवा थोडा वर घ्यावा लागेल."

"आता काहून, म्याडम?"

"जिना चढताना डोळ्यात येईल."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

"आधी जिना बसू तर द्या, म्याडम."